दक्षिणेच्या भिंतीवरचे डोळे

"डोळे अगदी बापाचे घेतलेत हो पोराने!" हे वाक्य मी जन्मभर ऐकत आलो. आत्याने म्हटलं, मावशीने म्हटलं, शेजारच्या काकू तर दर दिवाळीला फराळाचं ताट देताना न चुकता म्हणायच्या. माझं लग्न ठरत होतं तेव्हा सासूबाई आमचं घर बघायला आल्या. त्यांनी भिंतीवरचा फोटो बघितला, मग माझ्याकडे बघितलं आणि मान डोलावली. त्या डोळ्यांमुळे तुम्हाला मुलगी मिळाली, नाहीतर एकंदर अवतार बघून कुणी दिली नसती, असं बायको अजून म्हणते.

वडील गेले तेव्हा मला चौथं लागलं होतं. तीन दिवस ताप आला आणि गेले. आई तेव्हा बावीस वर्षांची होती. लग्नात काढलेला एकुलता एक फोटो पुरात गेला होता, नदीकाठच्या आमच्या खोलीसकट. त्यामुळे माझ्यासाठी वडील म्हणजे भिंतीवरचा तो एक फोटो. काळा-पांढरा, छातीपर्यंतचा, पांढरा सदरा, गळ्याचं बटण लावलेलं, केस मागे वळवलेले. आणि डोळे. चेहऱ्याच्या मानाने जरा मोठेच, सरळ बघणारे. येणारेजाणारे म्हणायचे, काय बोलके डोळे आहेत! मला ते कधी बोलके वाटले नाहीत. मला ते बघतायत असं वाटायचं. खोलीत कुठेही उभा राहिलो तरी बघायचे. नववीत गणितात नापास झालो तेव्हा प्रगतिपुस्तक दप्तरात दडवून मी त्या भिंतीकडे पाठ करून जेवलो होतो. आई फक्त फोटोकडे बघून म्हणाली, "बघतायत हो ते." मी अर्ध्या ताटावरून उठलो.

फोटोखेरीज त्यांची माझ्याजवळ एकच आठवण होती. ती मी कधी कुणाला सांगितली नव्हती, बायकोलाही नाही. मी एका उंच स्टुलावर बसलोय. तोंडात नारिंगी लिमलेटची गोळी आहे, ती टाळूला खरखरतेय. समोर अगदी जवळ एक माणूस बसलाय. खिडकीतून उजेड येतोय. तो दोन बोटांनी माझी हनुवटी धरतो, वर करतो, आणि माझ्या डोळ्यांत बघत राहतो. खूप वेळ. मग खाली बघतो, पुन्हा वर बघतो. कसला तरी उग्र वास येतो, औषधासारखा. एवढंच. ते आजारी होते, म्हणून औषधाचा वास, असा हिशेब मी लावून ठेवला होता. आपल्याकडे इतका वेळ, इतकं लक्ष देऊन आयुष्यात दुसऱ्या कुणी बघितलेलं नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. वाईट दिवस आले की मी ती आठवण काढून बसायचो आणि बरं वाटायचं.

मी एका कारखान्यात मोजमाप विभागात चौतीस वर्षं काढली. आलेला भाग मापात आहे की नाही ते बघायचं, नसेल तर परत पाठवायचा. लोक मला खडूस म्हणायचे आणि बरोबरच म्हणायचे. निवृत्त झाल्यावर पेठेतली भाड्याची जागा सोडून आम्ही शहराबाहेर मांजरी गावात फ्लॅट घेतला. मागच्या बाजूला अजून ऊस आहे, पुढच्या बाजूला आमच्यासारख्यांच्या इमारती. सामान हलवताना आईचा एकच हट्ट होता, फोटो ती स्वतः मांडीवर घेऊन येणार. आणला. गेलेल्यांचा फोटो दक्षिणेच्या भिंतीवर, म्हणून हॉलमध्ये दक्षिण शोधून तिथे खिळा ठोकला.

तिथे वर्षभरात तो बिघडायला लागला. पेठेत साठ वर्षं काही झालं नव्हतं. इथे पावसाळ्यात ओल धरली, काच कागदाला चिकटली, गळ्यापाशी पिवळट डाग पडला आणि तो हळूहळू हनुवटीकडे चढायला लागला. आणि त्याच वर्षी आईचेही डोळे गेले. अगदी आंधळी नाही झाली, पडद्याचा आजार. मधलं दिसत नाही, कडेचं दिसतं. ती म्हणायची, "जिथे बघावं तिथलंच नेमकं पुसलं जातं बघ. तुम्हा सगळ्यांचे कान दिसतात, केस दिसतात, तोंडाच्या जागी काही नाही." हे ती भाजी निवडता निवडता सांगायची, हवापाण्यावर बोलावं तसं. ऐकताना माझ्या अंगावर काटा यायचा.

माघात वडिलांचं श्राद्ध असतं. पौष संपता संपता आई म्हणाली, "अरे, तो फोटो मोठा करून आण. चांगला भिंतभर. तुझं एवढं कॅमेऱ्याचं वेड आहे, त्याचा घराला एकदा तरी उपयोग होऊ दे. मला दिसतंय तोवर कर."

तेवढंच हवं होतं मला. आईची दृष्टी पूर्ण जायच्या आत तिला तिचा नवरा नीट दिसला पाहिजे, आणि डाग त्या चेहऱ्यावर चढायच्या आत माझे वडील मला वाचवले पाहिजेत. आणखी उशीर केला तर दोन्ही गेलं.

माझं वेड म्हणजे जुन्या लेन्सचं. नव्या डिजिटल कॅमेऱ्यावर एक कडं चढवायचं आणि त्यावर चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीच्या, हाताने फिरवायच्या लेन्स लावायच्या. ह्या लेन्सना मोटार नाही, काही नाही. फोकस आपण करायचा, चुकलं तर आपलं चुकलं. बायकोचा सवाल असतो, एवढा नवा कॅमेरा घेऊन त्याला कुणाचा तरी मेलेला डोळा कशाला लावता? तिला काय सांगणार! निवृत्त माणसाला हातात फिरवायला काहीतरी लागतं, आणि ती जड पितळी रिंग फिरवताना मला कारखान्यातलं मापयंत्र आठवतं.

त्यातली ह्या कामासाठी निवडलेली लेन्स मी जुन्या बाजारात उचलली होती, एका रविवारी, कुलपं आणि नळाच्या तोट्यांच्या ढिगातून. काच चहासारखी पिवळी झालेली. काही जुन्या लेन्सच्या काचेत असा पदार्थ घालायचे की ती वर्षानुवर्षं अंधारात पडली की पिवळी पडते, आणि उन्हात ठेवली की परत निवळते. मी ती तीन आठवडे गॅलरीत लिंबाच्या लोणच्याच्या बरणीशेजारी उन्हात ठेवली. आई विचारायची, "मुरलं का रे तुझं?" रोज थोडी थोडी निवळत गेली. तिसऱ्या आठवड्यात मी तिच्यातून बघितलं तर मागचा ऊस हिरवागार दिसला.

एका दुपारी जेवणं झाल्यावर मी फोटो भिंतीवरून उतरवला. मागच्या शेतात उसाचं वाळलेलं पाचट पेटवलं होतं. काळी राख गॅलरीत उतरत होती, अगदी सावकाश, आवाज न करता. मी दारं-खिडक्या लावल्या, पंखा बंद केला, फोटो टेबलावर भिंतीला टेकवून उभा केला आणि समोर तिवईवर कॅमेरा लावला. आई आत पडली होती. बायको सोफ्यावर पेंगत होती.

आता एक गोष्ट सांगायला हवी. हाताने फोकस करताना मदत म्हणून कॅमेऱ्यात एक सोय असते. जे जे रेखीव दिसतंय, त्याच्या कडेवर तो पडद्यावर लाल रेघा चमकवतो. जिथे लाल, तिथे फोकस. माझ्याही दोन्ही डोळ्यांत आता मोतीबिंदूनंतरच्या परदेशी लेन्सच आहेत, त्यामुळे मी ह्या लाल रेघांवर डोळे झाकून विश्वास ठेवतो. मी रिंग फिरवायला लागलो. फ्रेमच्या लाकडावर लाल आलं. मग काचेवरच्या धुळीवर आलं. अजून जरासं फिरवलं आणि ते दोन्ही गेलं. आणि मग डोळे पेटले.

फक्त डोळे. दोन्ही बुबुळं, वरच्या पापण्या, खालच्या पापण्या, एकेक केस. बाकी चेहरा करडा, शांत. नाकाला नाही, ओठांना नाही, कपाळाला नाही, सदऱ्याच्या बटणालाही नाही. भिंतीला टेकलेल्या त्या फोटोतून दोन लाल डोळे माझ्याकडे बघत होते.

मी रिंग थोडी मागे घेतली. डोळे विझले. पुढे नेली, उघडले. मागे, मिटले. पुढे, उघडले. माझ्याच हाताने मी त्यांची उघडझाप करत होतो, आणि मला हात काढता येईना. मला भीती वाटली, सरळ सांगतो, बासष्ट वर्षांच्या घोड्याला आपल्या बापाच्या फोटोची भर दुपारी भीती वाटली.

"अगं ऊठ," मी बायकोला हलवलं. "जरा इकडे बघ."

ती उठली, पडद्याकडे बघितलं, आणि एकदम मागे सरकली. "अहो, हे काय केलंत? बंद करा ते आधी!"

"मी काही केलं नाही."

"मग ते असे काय बघतायत?"

माझा धंदा मोजमापाचा. माप विचित्र आलं की आधी यंत्रावर संशय घ्यायचा, हे मला शिकवलेलं. मी फोटोशेजारी वर्तमानपत्र टेकवलं. अक्षरन् अक्षर लाल झालं. लेन्स ठीक. बायकोला समोर बसवलं. तिच्या भुवया, चमकी, कानामागची बट, सगळं लाल. कॅमेरा ठीक. दिवा डावीकडून उजवीकडे नेला. फोटो उलटा केला, डोकं खाली. खाली डोकं करूनही डोळे पेटलेच, आणि बाकी चेहरा तसाच मुका. चार वेळा मोजलं, चारही वेळा तेच माप.

मग मी पडद्यावर चित्र दहापट मोठं केलं आणि तो चेहरा इंच इंच बघायला लागलो. साठ वर्षं रोज बघितलेला चेहरा, पण तपासलेला कधी नव्हता. उजेड नाकाच्या डाव्या बाजूला पडला होता. डोळ्यांतला पांढरा ठिपका मात्र उजवीकडे. खोलीत एकच खिडकी असेल तर असं होत नाही. गाल कानांकडे ओघळलेले. बसलेल्या माणसाचे गाल खाली ओघळतात. केस मागे वळवलेले नव्हते, मागे पडलेले होते. आणि डोक्यामागे जी मला जन्मभर भिंत वाटत होती, तिला चुण्या होत्या. उशीच्या अभ्र्याला पडतात तशा.

माझ्या लक्षात आलं आणि मी खुर्ची ओढून बसलो. बायकोने पाणी आणलं. तिनेही बघितलं होतं.

फ्रेमच्या मागचे खिळे पकडीने काढले. पुठ्ठा हलकेच उचलला. फोटोच्या पाठीवर कोपऱ्यात पेन्सिलने, कामाची नोंद लिहितात तशा अक्षरात, दोन शब्द लिहिले होते. "डोळे उघडणे."

नवी लेन्स लावली असती तर तिने आपणहून डोळा शोधला असता, त्यावर चौकोन ठेवला असता आणि टिक् करून मोकळी झाली असती. मला जन्मात कळलं नसतं. फोटो भिंतभर झाला असता आणि मी त्यापुढे पान वाढलं असतं. त्या जुनाट काचेने नसता उद्योग केला, असं त्या क्षणी वाटलं, आणि मी ती कॅमेऱ्यावरून काढून खिशात टाकली.

आई आत जागीच होती. पलंगावर पाय खाली सोडून बसलेली, तोंड दाराकडे पण जरा बाजूला. आता ती माणसाकडे थेट बघत नाही, कडेने बघते. आपल्या खांद्यामागे कुणीतरी उभं आहे आणि ती त्याच्याशी बोलते आहे असं वाटतं. सवय झाली आहे म्हणतो, पण झालेली नाही.

"झाला का फोटो?" तिने विचारलं.

"आई, हा फोटो गेल्यावर काढलाय."

ती जराशी हसली. "कळलं का? मोजमापातला म्हणे माझा मुलगा! साठ वर्षं लागली."

मला संतापच आला. म्हटलं, "हसतेस काय? जन्मभर मला मेलेल्या माणसाच्या फोटोपुढे उभं केलंस. शपथा घेतल्या मी त्याच्यापुढे."

"मग कुणापुढे उभं करायला हवं होतं? दुसरा कुठला होता?" ती म्हणाली. "ओरडू नकोस. बस इथे. सांगायचं होतंच तुला, धीर होत नव्हता. म्हणून तर म्हटलं मोठा कर. मोठा केलास की तुझं तुलाच दिसेल, मला तोंडाने बोलावं लागणार नाही, असं वाटलं."

मी तिच्याशेजारी बसलो. बायको दारात उभी राहिली. आई सांगत गेली, खालच्या आवाजात, सलग.

सकाळी गेले. फोटो एकही नाही, म्हणून बाहेर काढायच्या आत कुणीतरी पेठेतल्या फोटोग्राफरला बोलावून आणलं. तेव्हा बोलावायचेच. त्याने पलंगावर चढून वरून एक फोटो काढला. हलला होता जरा, चेहरा पुसट आला होता, पण तेवढाच. तेराव्याला फ्रेम हवी होती. आत्या म्हणाली, मिटल्या डोळ्यांचा नको, पोर रोज बघेल आणि घाबरेल. फोटोग्राफर म्हणाला, काळजी करू नका, आमच्याकडे डोळे उघडून देणारा माणूस आहे, ब्रशने काढतो, कळतसुद्धा नाही. नमुन्याला एखादा जुना फोटो आणा.

"जुना कुठला आणू?" आई म्हणाली. "तो गेला होता वाहून. मग त्या माणसाने विचारलं, ह्यांचे डोळे घरात कुणासारखे आहेत? सगळ्यांनी तुझ्याकडे बघितलं."

मला पुढचं कळलं होतं, पण मला ते तिच्या तोंडून नको होतं.

"तुला घेऊन गेले दुकानात. उंच स्टूल होतं, त्यावर बसवलं. तू रडशील म्हणून आत्याने लिमलेटची गोळी दिली. पण तू काय रडतोस! तो बिचारा तुझी हनुवटी धरून बघायचा, चार फटकारे मारायचा, परत बघायचा. आणि तू टक लावून त्याच्याकडे. रंगाच्या वासाने माझं डोकं उठलं होतं. घरी येताना तू मला विचारलंस, बाबा परत कधी येणार तिथे?"

माझी आठवण त्या वाक्याला गेली. साठ वर्षं जपलेली, कुणाला न दाखवलेली, एका वाक्यात गेली. माझी हनुवटी धरून माझ्याकडे इतकं मन लावून बघणारा माणूस माझा बाप नव्हताच. तो आपलं काम करत होता. मला रडू आलं, आणि बायकोसमोर, आईसमोर, म्हाताऱ्या माणसाला शोभणार नाही असं रडलो. आईने माझा गुडघा शोधला आणि त्यावर हात ठेवला.

डोळे पुसून मी विचारलं, "म्हणजे भिंतीवरून इतकी वर्षं माझ्याकडे मीच बघतोय?"

"हं."

"मग त्यांचे खरे कसे होते? ते तरी सांग. तुझ्याशिवाय आता कुणी राहिलेलं नाही."

आईने तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं. तिचा चेहरा शोधत असल्यासारखा झाला, पिशवीत तळाशी चावी चाचपावी तसा. मग तिने मान हलवली.

"पहिली दोन-चार वर्षं आठवायचे. मग रोज सकाळी दिवा लावताना हेच बघायचे ना मी. ह्यांचे पुसले गेले रे. नवरा आठवायला जाते आणि तू येतोस. चार वर्षांचा." ती थांबली. "कुणाला सांगू हे? बाई काय म्हणेल लोक?"

तिची जीभ अडखळली, शब्द उलटसुलट झाले, आणि आम्ही दोघांनीही ते दुरुस्त केले नाहीत. बाहेर राख पडतच होती. बायकोने पुढे होऊन खिडकीचा पडदा ओढला.

मी म्हटलं, "मग आता काय करू? मोठा करू का तसाच?"

"नको," आई म्हणाली. "मीट ते. साठ वर्षं उघडे ठेवलेत मी त्यांचे. तुला भीती वाटू नये म्हणून. तू आता त्यांच्या दुप्पट झालास, तुला काय भीती? निजू दे की त्यांना."

सांगायला सोपं. रंग फोटोच्या कागदात इतका मुरला होता की त्याखालच्या मिटलेल्या पापण्या परत मिळणार नव्हत्या. कॉम्प्युटरवर डोळे मिटायचे तर कुणाच्या तरी मिटलेल्या डोळ्यांचा फोटो लागणार होता, तशाच उजेडातला, तशाच जुन्या काचेतून काढलेला. कुणाचा, ते कुणाला विचारायची गरज पडली नाही. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं होतं तसं ह्या वेळी मीच बघितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या उन्हात मी स्वयंपाकघरातलं स्टूल हॉलच्या खिडकीशी आणलं. उजेड डावीकडून येईल असं ठेवलं. खिशातली लेन्स काढून पुसली, कॅमेऱ्यावर लावली आणि बायकोला तिवईमागे उभं केलं.

"अहो, मला ह्यातलं ओ की ठो कळत नाही."

"कळायचं काही नाही. मी डोळे मिटतो. तू रिंग हळू फिरव. पापण्यांवर लाल आलं की दाब."

मी स्टुलावर बसलो आणि डोळे मिटले. रिंग फिरल्याचा बारीक आवाज आला. आईची काठी टकटक करत जवळ आली.

"मला पुढे घे," ती म्हणाली. "त्याच्यापाशी."

बायकोने तिला धरून आणलं असावं. लोणच्याचा आणि तिच्या सुती लुगड्याचा वास आला. मग दोन बोटं माझ्या हनुवटीला लागली. त्यांनी माझं तोंड जरासं वर केलं, जरासं डावीकडे. नंतर तिने तळहात माझ्या कपाळावर ठेवला आणि बोटं खाली आणली, दोन्ही पापण्यांवरून, अगदी सावकाश. मग थांबली.

"हो," आई म्हणाली. "असेच होते."

मी म्हटलं, "तुला तर आठवत नाहीत ना?"

"उघडे आठवत नाहीत. मिटलेले आहेत ना हाताला. त्या सकाळी मीच मिटले होते."

बायकोचा आवाज आला, भरलेला. "अहो, सगळंच लाल दिसतंय. दाबू का?"

आई हात काढत नव्हती. मी म्हटलं, थांब जरा.